माणसानं खोदलेलं पाणी

घरमालक भाडेकरूला ज्या अटी घालतात त्या साधारण सगळीकडे सारख्याच असतात. भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत, मोटर चालू ठेवून बाहेर जायचं नाही, पाहुणे राहायला येणार असतील तर आधी सांगायचं. लखनौला वृंदावन योजनेत आम्ही वरचा मजला घेतला तेव्हा आमच्या घरमालकांनी यातली एकही अट घातली नाही. टेम्पोतून सामान उतरत असताना ते अंगणात येऊन उभे राहिले, माझ्या हातातल्या छत्रीकडे त्यांनी संशयानं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, एकच सांगतो. तालाकडे फिरायले गेल्या तर ही उघडायची नाही. मिटून न्या. पाहिजे तर चार न्या."

मी मूळची सांगलीची, केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर नुकतीच आलेली. नवरा हवाई दलात, म्हणजे घरात असला तर पाहुण्यासारखा. लखनौच्या उन्हाबद्दल इतकं ऐकून होते की छत्रीशिवाय पाऊल टाकायची माझी तयारी नव्हती.

"का बरं?" मी विचारलं.

"त्यायले भेव वाटते."

"कोणाला?"

"माझ्या दुसऱ्या भाडेकरूंना," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

दुसरे भाडेकरू म्हणजे तालावरची सारस पक्ष्यांची जोडी, हे संध्याकाळी चहा घेऊन वर आलेल्या घरमालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, सांगितलं. ताल म्हणजे तळं. कॉलनीचे सेक्टर संपले की शेतं लागत, आणि शेतांच्या कडेला बेशरमीच्या झुडपांनी वेढलेलं ते पसरट, उथळ पाणी. "उघडी छत्री पाहिली की सारस उडतात म्हणे," काकू म्हणाल्या. "म्हणून हे जूनच्या उन्हात मिटलेली छत्री काखेत मारून फिरतात. मी म्हणते, मग नेता कायले? तर म्हणतात, ऊन लागलं तर असावी."

काका, म्हणजे आमचे घरमालक, गोंदियाकडचे. रेल्वेत पुलांचे इंजिनिअर होते. सगळी नोकरी उत्तरेतल्या नद्यांवर गेली, आणि निवृत्त झाल्यावर मुलगा बोलावत असूनही नागपूरला न जाता त्यांनी इथंच घर बांधलं. मुलगा चिडला. नातवंडं फोनवर मराठी समजून घेतात आणि हिंदीत उत्तरं देतात, त्यावर काका चिडतात. असं सगळं बरोबरीत सुटलेलं होतं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी हातोडी असायची. आयुष्यभर पुलांचे खांब ठोकून पाहिलेल्या माणसाचा हात रिकामा राहत नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला टकटक, मग नमस्कार. आमच्या ओळखीतल्या एका लष्करातल्या मराठी जोडप्यानं चिनहटच्या बाजूला नवा फ्लॅट घेतला, तिथं वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. यजमानीण बाई पेढ्यांचं ताट घेऊन आली तेव्हा काका तिच्या दिवाणखान्याच्या भिंतीला कान लावून उभे होते. "पोकळ आहे," त्यांनी जाहीर केलं. "पण घाबरू नका. पडणार नाही. नुसती पोकळ आहे." त्या बाईनं पुढं वर्षभर काकूंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. काकूंनीही तिची समजूत काढली नाही. म्हणाल्या, "खरं बोलल्याबद्दल माफी मागायची म्हणजे रोजचंच काम होईल."

सकाळी काकांचं वर्तमानपत्र वेगळं असे. सरकार एखादा नियम बदलणार असलं की आधी मसुदा काढतं, आणि लोकांनी आपल्या हरकती आणि सूचना कळवाव्यात असं शेवटी छापतं. ही ओळ वाचून कोणी खरोखर हरकत कळवतं असं मला वाटलं नव्हतं. काका कळवायचे. रानांचा, पाण्याचा, पक्ष्यांचा, खाणींचा, कोणताही मसुदा असो, ते तो छापून आणत, ओळ न ओळ वाचत आणि रेल्वेच्या जुन्या, ताठ इंग्रजीत हरकती लिहीत. लिहून झालं की काकूंना मोठ्यानं वाचून दाखवत. काकू हिवाळ्यात मटार सोलत असत, उन्हाळ्यात मलिहाबादच्या कैऱ्या चिरत असत आणि मध्येमध्ये "हं" म्हणत.

"माझ्या हरकतीनं यांची सिगारेट सुटली नाही," त्या मला म्हणाल्या, "आणि यांच्या हरकतीनं सरकार थांबन म्हणतात."

उत्तर कधीच आलं नाही. मसुदे तसेच्या तसे पक्के होऊन येत. कागदावर जंगल म्हणून लिहिलेलं नाही ते जंगल मोजायचं नाही. अमुक कामाला लोकांची सुनावणी नको, मग तमुक कामालाही नको. काम आधी करा, मंजुरी मागाहून मागा. काका हे सगळं मला जिन्यात अडवून सांगत. मला ऑफिसला उशीर होत असे आणि खरं सांगायचं तर वैतागही येई. एकदा मी म्हटलं, "काका, कायदा आहे ना अजून? रद्द तर नाही केला कोणी."

ते जिन्याच्या कठड्याला टेकले. "मॅडम, कायदा कोणी एकदम पाडत नाही. पूल कुठं एकदम पाडतात? एक रिव्हेट काढायची आणि थांबायचं. गाडी जाऊन राहिली ना वरून? जाऊन राहिली. मग दुसरी काढायची. ज्या दिवशी पूल बसतो त्या दिवशी सगळे म्हणतात, जुनाच होता बापा."

मी हसले आणि खाली उतरले. त्या दिवशी मला ते वाक्य नुसतंच चटकदार वाटलं होतं.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर तालावर गेले ते एका रविवारी सकाळी, मिटलेली छत्री घेऊन. सारस मी त्याआधी चित्रातच पाहिला होता. जवळजवळ माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंग, मान आणि डोकं लालभडक. दोघं गुडघाभर पाण्यात अशी चालत होती की सगळं तळं त्यांच्या नावावर असावं. मग एकानं मान वर करून हाक दिली, दुसऱ्यानं ती अर्ध्यात उचलली, आणि तो आवाज पार कॉलनीच्या टाक्यांवर जाऊन आदळला.

काठावर शिंगाड्याची वेल सावरत एक म्हातारी बसली होती. तिथं सगळे तिला अम्मा म्हणत. ती मला म्हणाली, "जोड़ा है, बिटिया। एक मरै तौ दूसर दाना-पानी छोड़ देत है।"

"कुछ नहीं छोड़ता, अम्मा," काका म्हणाले. "थोड़े दिन चिल्लाता है, फिर दूसरा ढूँढ लेता है। इन्सान जैसा।" मग माझ्याकडे वळून मराठीत, "जोडीदार गेला तर निभते. जागा गेली तर नाही निभत. वर्षानुवर्षं त्याच पाण्यात घरटं करतात. दुसरीकडं जा म्हटलं तर जात नाहीत. अडाणी आहेत." हे 'अडाणी' त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की काकूंच्या वाट्याला तसा शब्द कधी आला असेल का, असं मला वाटून गेलं.

आम्ही राहायला आलो त्याच्या पुढच्या वर्षी तालाच्या बाजूची शेतं एका बिल्डरनं घेतली. टाउनशिप होणार होती. नकाशात तालाच्या जागी क्लबहाउस होतं. गावातल्या काहींनी आणि काकांनी तक्रार केली तेव्हा पाहणीला एक साहेब आले, काठावर बूट भिजू नयेत म्हणून लांबच उभे राहिले आणि म्हणाले, "यह कोई ताल-वाल नहीं है। बरसाती गड्ढा है, पानी भर जाता है।"

नुसता पावसाचं पाणी साचणारा खड्डा. तो भरायला कोणाची काय हरकत असणार?

काका घरी आले ते जेवलेच नाहीत. बाहेर मे महिना होता, पाणी आटून मध्यावर गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते एक लांब लोखंडी सळई घेऊन तालाच्या कोरड्या काठावर जायला लागले. गाळात सळई खुपसायची, हातानं दाब पाहायचा, आवाज ऐकायचा, एक पाऊल पुढं जायचं. कॉलनीतले लोक मला ऑफिसच्या बसमध्ये विचारत, "आपके मकान मालिक की तबीयत तो ठीक है ना?" मी म्हणायची, "हो, अगदी." मनात मात्र काकूंना सांगून डॉक्टरला दाखवावं का असा विचार येत होता.

आणि एका दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. "मॅडम, सुट्टी काढा आणि या. आत्ताच्या आत्ता."

मी ऑफिसच्या साडीतच गेले. बेशरमीच्या झुडपांपलीकडे त्यांनी चर खणला होता, गावातली दोन माणसं मदतीला होती, आणि चरात पायऱ्या होत्या. पातळ, लहान लहान लाखोरी विटांच्या, एकीला एक घट्ट चिकटलेल्या पायऱ्या, खाली पाण्याच्या दिशेनं उतरत गेलेल्या. लखनौच्या जुन्या इमारती ज्या विटांच्या, त्याच या. काका बादलीनं पाणी ओतून त्या धूत होते. सदरा चिखलानं भरलेला.

"खड्डा म्हणतो!" ते मला म्हणाले. "खड्ड्याले पायऱ्या असतात काय? माणसानं खोदलेलं पाणी आहे हे, मॅडम. माणसानं! हे पाहा, इथून पाण्याची मोरी काढली आहे शेताकडे. सिंचनाचा तलाव आहे. कोणीतरी मोजून, आखून, घाम गाळून बांधला."

मला वाटलं होतं की निसर्गप्रेमी माणसाला निसर्गानं केलेलं तळं जास्त प्यारं असेल. पण काका पडले गोंदिया-भंडाऱ्याकडचे. तिकडं गावोगाव तलाव आहेत आणि ते पूर्वजांनी खोदलेले आहेत. त्याच तलावांवर, त्याखालच्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांत, सारस राहतात. महाराष्ट्रात उरलेसुरले सारस आहेत ते तिकडंच. त्यांच्या लहानपणी आई धानाच्या बांधीत रोवणी करताना सारसाचं घरटं आलं की तेवढा तुकडा सोडून पुढं जात असे. माणसानं पाणी अडवायचं, पक्ष्यानं त्यात घरटं करायचं, दोघांनी एकमेकांकडं फार लक्ष द्यायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता. एखाद्या तळ्याला 'हे माणसानं खोदलं' म्हणणं ही त्यांच्या भाषेत सगळ्यात मोठी स्तुती होती.

पायऱ्या पाहायला लोक आले, पत्रकार आले, मग पुन्हा साहेब आले, या वेळी जवळून पाहिलं. गावाचा जुना तलाव म्हणून त्याची नोंद झाली, संरक्षित पाणथळ जागांच्या यादीत नाव गेलं आणि टाउनशिपचं तेवढं काम थांबलं. काकांनी कॉलनीभर रेवडी वाटली. त्या पावसाळ्यात जोडीनं पाण्यात गवताचा मोठा ढीग रचला, दोन अंडी घातली आणि एक पिल्लू जगलं. बदामी रंगाचं ते पिल्लू आईबापांच्या मध्ये चालायचं. काका रोज सकाळी त्याची बातमी आणत. इतका आनंदी म्हातारा मी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं तिथंच थांबलं असतं तर मी आज त्यांच्या हातोडीच्या गमती सांगून तुम्हाला हसवलं असतं.

नंतर पाणथळ जागांचं काय मोजायचं आणि काय नाही, यावर पुन्हा बदल आला. त्याचाही मसुदा काकांनी वाचला होता, त्यावरही हरकती पाठवल्या होत्या. पण त्यातलं एक कलम त्यांनी हरकत न घेता सोडून दिलं होतं. लोकांनी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेली पाणीसाठ्याची ठिकाणं या संरक्षणात धरू नयेत, असं ते कलम. काकांना ते रास्त वाटलं. टाक्या, हौद, सिमेंटचे कालवे कोण पाणथळ म्हणेल? इंजिनिअर माणसाच्या डोळ्यांसमोर टाक्या आल्या. शेकडो वर्षांच्या पायऱ्या आल्या नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नवी पाहणी आली. शनिवार होता, मी घरीच होते. तीन माणसं, त्यांतले मुख्य अधिकारी तरुण, गोड बोलणारे. काकांना आधी फोन करून वेळ विचारली होती. काका सकाळपासून इस्त्रीच्या शर्टात. काकूंनी पोहे केले. लखनौत राहून राहून काकांच्या पाहुणचाराला तिथलं वळण लागलं होतं. अधिकारी "पहले आप" म्हणाले, काका "नहीं, पहले आप" म्हणाले आणि दारातच दोघं खोळंबले. मी आणि काकू आत हसत होतो. कशाला हसत होतो, असं आता वाटतं.

मग सगळे तालावर गेलो. काकांनी पायऱ्या दाखवल्या. विटांची जाडी सांगितली, चुन्याचा लगदा कसा करत ते सांगितलं. अधिकारी पायरीवर बसले, विटेवरून हात फिरवला.

"यानी यह पूरा इन्सान का बनाया हुआ है?"

"पूरा!" काका म्हणाले.

"कुदरती नहीं है?"

"जनाब, कुदरत सीढ़ी बनाती है क्या?"

सगळे हसले. अधिकारीही हसले. "और बनाया किसलिए होगा, आपके हिसाब से? आप तो इंजीनियर हैं।"

काकांनी त्यांना मोरीपाशी नेलं. झुडपं स्वतःच्या हातानं बाजूला केली, पाणी शेताकडं कसं उतरत असेल ते काठीनं आखून दाखवलं. "सिंचाई। सौ फ़ीसदी सिंचाई। किसी से भी पूछ लीजिए।"

"नहीं, नहीं, आपसे बेहतर कौन बताएगा," अधिकारी म्हणाले, आणि काकांना त्यांनी पायऱ्यांशेजारी उभं करून फोटो काढला. काकांनी फोटोसाठी केस सारखे केले.

निर्णय यायला फार वेळ लागला नाही. सदर जलाशय मानवनिर्मित असून सिंचनासाठी बांधलेला आहे, सबब यादीतून वगळण्यात येत आहे. सारस तिथं अधूनमधून येतात. तलावाच्या बदल्यात बिल्डर टाउनशिपच्या कोपऱ्यात नवा तलाव बांधून देईल, कारंज्यासकट. पुरावा म्हणून फोटो जोडला होता. काका त्यात हसत होते.

मी वर चहा करत होते तेव्हा खालून काकूंची हाक आली. गेले तर काका जेवणाच्या टेबलाशी बसलेले. मला पाहून म्हणाले, "मीच सांगतलं त्यायले. तीनदा विचारलं त्यानं. तीनदा सांगतलं."

"तुम्ही खरं तेच सांगितलंत," मी म्हटलं.

"हो ना. खोटं बोललो असतो तर वाचलं असतं. खड्डा आहे म्हणालो असतो तर? नाही, मग खड्डा म्हणून भरला असता." त्यांनी निर्णयाचा कागद उलटा ठेवला. "म्हणजे कसंही भरलाच असता का जी?"

काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. मला रडू आलं आणि रागही आला. त्या गोड बोलणाऱ्या अधिकाऱ्याचा राग, पोह्यांचा राग, आणि काकांच्या त्या भाबड्या अभिमानाचासुद्धा. कोणत्या माणसानं आपली सगळ्यात मौल्यवान गोष्ट इतक्या हौसेनं दुसऱ्याच्या हातात काढून द्यावी! पण गोंदियाकडचा माणूस दुसरं काय करणार होता? तलाव खोदणाऱ्याचं नाव लपवायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

त्यानंतर त्यांनी मसुदे आणणं बंद केलं. हातोडी टेबलाच्या खणात गेली. दोन महिन्यांनी मी एकदा मुद्दाम म्हटलं, "काका, आमच्या बाथरूमची फरशी वाजते, बघता का?" तर म्हणाले, "प्लंबरले सांगतो."

आता ते दोघं नागपूरला मुलाकडं असतात. घर विकलं. काकू फोन करतात तेव्हा सगळ्यांची खुशाली सांगतात, नातवाच्या परीक्षा, नागपूरची गर्दी. काका फोनवर येत नाहीत. लखनौचा फोन आला की ते दुसऱ्या खोलीत जातात, असं काकूंनी मला एकदा सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. शेवटची ती सकाळ मलाही आठवायला नको वाटते, आणि मी तर नुसती बाजूला उभी होते.

जुलै होता. तालावर डंपर येऊ लागले होते. एका बाजूनं माती पडत होती, दुसऱ्या बाजूला अजून पाणी होतं. आणि जोडी आली होती. दरवर्षीसारखी, त्याच पाण्यात. काका आधी साइटवर गेले, नुसता हा एक हंगाम थांबा म्हणाले. तिथून त्यांना ऑफिसात पाठवलं, त्या ऑफिसातून दुसऱ्या. सगळीकडं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एकच सांगितलं: पक्षी पूर्ण सुरक्षित आहे, अंकल, त्याला हात लावणाऱ्याला जेल आहे. तालाचं म्हणाल तर तो आता संरक्षित नाही.

"पक्ष्याले कायदा आहे," काका काकूंना म्हणाले. "पाण्याले नाही. मग पक्ष्यानं हवेतच राहावं की काय?"

त्या सकाळी काकूंनी मला खिडकीतून हाक मारली. "पोरी, जरा यांच्या मागं जा ना. तोंड कसं तरी करून गेले."

मी पोचले तेव्हा काका भराव टाकलेल्या बाजूला उभे होते. समोर पाण्याच्या उरलेल्या पट्ट्यात जोडीनं गवत उपसून ढीग रचायला सुरुवात केली होती. मातीची कड तिथून फार तर घराएवढी लांब असेल. मादी चोचीनं गवत ओढत होती, नर ते तिच्या पायाशी टाकत होता. अंडी घातली की महिनाभर ते तिथून हलणार नव्हते. आणि डंपर तर रोज येत होते.

काकांनी खाली वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि त्यांच्या दिशेनं फेकलं. मला वाटलं, माझ्या डोळ्यांना भास झाला. मग दुसरं फेकलं. "हाट! हाट!" ते ओरडत होते. "जा! निघा इथून! मलिहाबादेकडं जा, कुठंही जा! हाट!" टाळ्या वाजवत, चिखलात घसरत, ते पाण्यात शिरले. पक्षी दोन पावलं मागं सरले आणि त्यांच्याकडं पाहत राहिले. त्यांना या माणसाची भीती वाटत नव्हती. इतक्या वर्षांत त्यानं त्यांना भिण्यासारखं काही केलंच नव्हतं. काकांनी आणखी एक ढेकूळ फेकलं, ते नराच्या पंखाला लागलं, तेव्हा कुठं दोघं ओरडत उठली आणि शेतांवरून निघून गेली.

काका पाण्यात उभे राहून रडत होते. मी त्यांचा हात धरला आणि काठावर आणलं.

साइटवरच्या कोणीतरी फोन केला असावा. थोड्या वेळानं खाकी कपड्यातला एक वनरक्षक मोटरसायकलवरून आला. वयस्क होता, काकांना ओळखत होता. "अंकल," तो ओशाळून म्हणाला, "शिकायत आई है कि आप सारस को पत्थर मार रहे हैं।"

"पत्थर नहीं, ढेला," काका म्हणाले. "मार नहीं रहा था, हाँक रहा था। लेकिन क़ानून में हाँकना भी शिकार में ही आता है। लिखिए।"

"अरे, जाने दीजिए साहब। घर जाइए। हम समझते हैं।"

"नहीं। लिखिए। सारस का जोड़ा, घोंसला बनाते हुए, इस ताल में।"

"काका, कशाला स्वतःवर केस ओढवून घेता?" मी म्हटलं.

ते माझ्याकडं वळले. डोळे लाल झाले होते, पण आवाज शांत होता. "अधूनमधून येतात, असं लिहिलं आहे त्यांनी. कुठं तरी सरकारच्या हातानं लिहून होऊ द्या ना, मॅडम, की हे इथं राहत होते."

वनरक्षकानं नाइलाजानं मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. नाव, वय, पत्ता. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं: उक्त व्यक्ति द्वारा निर्माणाधीन स्थल पर सारस पक्षियों के जोड़े को…

"ताल लिखिए," काका म्हणाले.

"साहब, ताल कैसे लिखूँ?" तो हात जोडून म्हणाला. "ऊपर से पूछेंगे, कौन सा ताल। रिकॉर्ड में तो है ही नहीं।"

काकांनी तो कागद स्वतःकडं ओढला. मग त्यांनी वनरक्षकाकडून पेन घेतलं आणि सही केली. तेवढ्यात मागून ती हाक आली, एकानं सुरू केलेली आणि दुसऱ्यानं अर्ध्यात उचललेली. जोडी शेतांवरून वळून आली होती. डंपरच्या पलीकडं, त्याच पाण्यात, त्याच ढिगापाशी दोघं उतरली आणि मादीनं गवताची काडी उचलली.

वनरक्षकानं मान खाली घातली. काकांनी त्याला पेन परत दिलं, आणि वाकून ढेकूळ शोधायला लागले.